रस्ता रुंद करताना जनावरांची वाटही आखा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साकोली, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव, देवरी या पट्ट्यात मी एसटीचा चालक म्हणून सगळी नोकरी काढली. त्यातला मोठा भाग मुक्कामी गाड्यांवर गेला. मुक्कामी गाडी रात्री गावात पोचते आणि उजाडायच्या आत निघते. जंगलातली जनावरंही नेमकी याच दोन वेळांना हलतात, त्यामुळे रस्त्यावर काय येतं, कुठे येतं आणि कसं मरतं हे आम्हा चालकांना जेवढं दिसतं तेवढं क्वचितच कुणाला दिसत असेल. त्या अनुभवावरून एक मागणी मांडतो. आपल्याकडचे जुने रस्ते आता रुंद आणि गुळगुळीत होत आहेत, ते व्हायलाच हवेत. पण रस्त्याचं अंदाजपत्रक करतानाच जनावरांच्या ये-जा करण्याची सोय त्यात धरली जावी, आणि ती फक्त चौपदरी महामार्गांपुरती राहू नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात एका तरुण वाघाला कारची धडक बसली. जखमी अंग ओढत तो रस्त्याकडेच्या झुडपात शिरत होता, ते दृश्य राज्यभर लोकांनी मोबाइलवर पाहिलं. तो वाचला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रह्मपुरीकडच्या जंगलातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या होत्या, इथले वाघ वाढावेत म्हणून. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी आणली. वाघीण बेशुद्ध करायची, तिला कॉलर लावायची, रात्रीतून गाडीने इकडे आणायची, दिवसरात्र तिच्या मागावर माणसं ठेवायची, एवढा खटाटोप वनखातं करतं. मग तिची पिल्लं मोठी होऊन स्वतःचं रान शोधायला निघाली की त्यांना जे रस्ते ओलांडावे लागणार, त्यांचा विचार रस्ता बांधण्याआधी व्हायला नको का? नवेगाव-नागझिरा हे काही कुंपणातलं जंगल नाही. पेंच, कान्हा आणि ताडोबा यांच्यामधला तो सांधा आहे. इथला वाघ चालणारच. डिसेंबर २०१७ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचा बाजीराव वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाखाली गेला, तोही असाच चालत निघालेला.

वाघ मेला की निदान बोभाटा होतो. चाकाखाली खरा खच पडतो तो ज्यांचं नाव कुठेच लागत नाही त्यांचा. पावसाळ्यातल्या पहिल्या मोठ्या सरीनंतर तलावाकाठच्या रस्त्यावर बेडकांची रीघ लागते आणि सकाळी डांबरावर नुसते चपटे डाग उरतात. ऊन उतरल्यावरही डांबर बराच वेळ गरम राहतं, म्हणून घोणस आणि मण्यार तिथे येऊन पसरतात. रातवा पक्षी तर रस्त्याच्या मधोमध बसतो, दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात आणि अगदी शेवटच्या क्षणापर्यंत तो उडत नाही. चैत्रात मोहाचं झाड रस्त्याला लागून असेल तर पहाटे फुलं वेचायला अस्वल ठरलेलं.

दिवाळीनंतर धानाची मळणी झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या राइस मिलकडे निघतात. ट्रॉलीच्या फळीच्या फटीतून धान सांडत जातं आणि रस्त्याच्या कडेला त्याची पिवळी रेघ उमटते. दिवसा ती टिपायला पारवे आणि तितर उतरतात, रात्री उंदीर येतात. उंदरांच्या मागे साप, रानमांजर आणि घुबड. घुबड झेप घेतं ते बरोबर ट्रकच्या दिव्यांच्या उंचीवरून. सकाळी पंख विस्कटलेलं घुबड कडेला पडलेलं असतं आणि बघणाऱ्याला वाटतं, हे एवढं रस्त्यावर कशाला आलं होतं? ट्रॉलीवर आणि फटींना नीट ताडपत्री बांधली तर यातलं बरंच टळेल, आणि शेतकऱ्याचं धानही वाचेल. याला ना मंजुरी लागते ना निविदा.

जनावर दिव्यासमोर थिजून का उभं राहतं, असं लोक विचारतात. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर अप्परचा, म्हणजे लांब फेकणाऱ्या दिव्याचा झोत पडला की त्याला काहीच दिसेनासं होतं, पळायचं कुठे हेच कळत नाही. अशा वेळी डिपर द्यावा, म्हणजे झोत खाली घ्यावा, वेग कमी करावा आणि थांबावं. एक चितळ ओलांडून गेलं म्हणजे झालं असं समजून पुढे जाऊ नये. मागे कळप असतो आणि पिल्लं शेवटी येतात. रानडुकराची गोष्ट वेगळी. चितळाचे, बिबट्याचे डोळे लांबून चमकतात, डुकराचे तसे चमकत नाहीत. काळं अंग, काळा रस्ता आणि चमक नाही. दुचाकीवाला थेट जाऊन आदळतो.

म्हणूनच ‘इथे माणसं मरतात आणि तुम्हाला जनावरांचं पडलंय’ असं कुणी म्हणालं की मला वाईट वाटतं. रात्रपाळी संपवून मोटारसायकलने घरी निघालेला पोरगा डुकराला किंवा रोह्याला (नीलगायीला) धडकून पडतो, तोही याच रस्त्यावर, याच वळणावर. रोही म्हणजे दोनशे किलोंचं धूड, ते कारच्या काचेतून आत आलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे. जनावराला सुरक्षित वाट करून दिली तर माणसाचाही जीव वाचतो.

खड्ड्यांचा रस्ता होता तेव्हा चाळिसाच्या वर गाडी जातच नव्हती. आता त्याच जंगलातून लोक ऐंशी-नव्वदने जातात. ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. डिपरवर उजेड पडतो जेमतेम ५०-६० मीटर. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच तीसेक मीटर संपलेले असतात, उरलेल्या अंतरात गाडी थांबत नाही, मग चालक कितीही कसलेला असो. चाळिसाच्या वेगात तीच गाडी कोरड्या रस्त्यावर सगळं मिळून तीसेक मीटरात उभी राहते. जंगलाच्या पट्ट्यात वेग कमी करा असं आम्ही म्हणतो त्यामागचं गणित एवढंच आहे. ‘वन्यप्राणी भ्रमणमार्ग, वाहने सावकाश चालवा’ हा फलक मी जन्मभर वाचला. त्याने कुणाचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेलेला पाहिला नाही. ठरावीक अंतरावर पक्के गतिरोधक हवेत. जंगलाच्या दोन टोकांना कॅमेरे लावून मधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून वेग काढावा आणि दंड करावा, म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुढे सुसाट जायची सोय राहणार नाही.

उपाय होतच नाहीत, असं नाही. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करण्यावरून वर्षानुवर्षं न्यायालयात वाद झाला. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत जनावरांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला. सर्वांत अरुंद मार्ग ५० मीटरचा, सर्वांत रुंद ७५० मीटरचा. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावले तेव्हा २०१९ मधल्या काही महिन्यांतच १८ जातींचे वन्यप्राणी तिथून जाताना टिपले गेले, आणि ११ वाघ मिळून ८९ वेळा. जनावरं पुलाखालून जाणार नाहीत, पैसा वाया जाईल, असं तेव्हा छातीठोकपणे सांगणारे कमी नव्हते. वरून ट्रक धडधडत जातो आणि खालून वाघ आपल्या चालीने जातो, हे आता छायाचित्रांत आहे.

पण असे पूल महामार्गालाच मिळतात. राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, आमच्या गावांना जोडणारे रस्ते यांच्या वाट्याला डांबर किंवा सिमेंट येतं आणि वेग येतो, बाकी काही नाही. तिथे साडेसातशे मीटरचा पूल कुणी मागत नाही. तिथे आधीच मोऱ्या आहेत, नळकांडी पूल आहेत. त्या गाळाने, प्लास्टिकने आणि बेशरमाच्या झुडपांनी बुजलेल्या असतात. त्या पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर साफ केल्या, नव्या बांधताना थोड्या उंच-रुंद घेतल्या आणि आत पाण्याच्या वर एका बाजूने हातभर रुंदीचा कोरडा कट्टा ठेवला, तर मुंगूस, साळिंदर, उदमांजर, घोरपड, कासव सगळे तिथून जातील. मोरीच्या दोन्ही अंगांना जाळी हवी, नाहीतर जनावर जवळच्या मोरीकडे वळणार कसं? आणि नुसती जाळी लावून मोरी बंदच ठेवली तर ती भिंत होते. बेडूक आणि सापांसाठी जाळी बारीक आणि जमिनीत थोडी पुरलेली लागते. दुभाजकाचंही तसंच. सलग काँक्रीटची भिंत उभी केली की अर्धा रस्ता पार केलेलं जनावर मध्येच अडकतं. सशाला, मुंगसाला जाईल एवढी फट ठरावीक अंतरावर सोडायला जास्तीचा खर्च नाही.

रुंदीकरणात दोन्ही बाजूंची झाडं जातात तेव्हा वर एकमेकांत गुंतलेल्या फांद्याही तुटतात. मग वानरांना खाली उतरावं लागतं. तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं जोडणारे पूल टांगले आहेत आणि वानरं ते वापरतात. आपल्याकडे हे करायला काय हरकत आहे? त्याच्या जोडीला एक विनंती प्रवाशांना. गाडीतून वानरांना केळी, बिस्किटं टाकू नका. एकदा चटक लागली की पिल्लाला पोटाशी घेऊन मादी दिवसभर रस्त्याच्या कडेला बसून राहते आणि प्रत्येक गाडीकडे धावते.

रात्रीच्या वाहतुकीबद्दलही बोललं पाहिजे. कर्नाटकातल्या बंदीपूरमध्ये २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद आहे. रुग्णवाहिका आणि मोजक्या बस सोडल्या जातात. आपल्याकडे महामार्ग असे बंद करता येणार नाहीत हे मला कळतं. पण जिथे दुसरा रस्ता आहे आणि रात्री जाणारी बहुतेक वाहनं नुसती जवळची वाट म्हणून जंगलात शिरतात, तिथे रात्री जड वाहनांना बंदी करून पाहावी. पाऊस सुरू होण्याच्या आठवड्यांपुरती जरी केली तरी फरक दिसेल. मुक्कामी गाडी त्यातून सोडावी, गावाला तिच्यावाचून दवाखाना नाही की शाळा नाही.

ही सगळी कामं रस्ता बांधतानाच केली तर स्वस्त पडतात. नंतर तोच रस्ता फोडून करायची म्हटली की खर्च वाढतो, मंजुऱ्या अडतात, आणि मग फलक लावून विषय मिटवला जातो. भारतीय वन्यजीव संस्थेने अशा बांधकामांची मार्गदर्शिका २०१६ मध्येच काढली आहे. ती जिल्हा पातळीवर अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्याच्या टेबलावर असावी आणि जंगलाला लागून जाणाऱ्या कोणत्याही रस्त्याला त्याशिवाय तांत्रिक मंजुरी मिळू नये.

रस्त्यात जखमी जनावर दिसलं तर गर्दी करून व्हिडिओ काढू नये, जवळ जाऊ नये. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा आणि जवळचा किलोमीटर दगड सांगावा. मेलेलं चितळ उचलून घरी नेणं हा गुन्हा आहे, तेही काही लोकांना सांगावं लागतं.

संपादक महोदय, एक मागणी आपल्याकडेही आहे. ‘अज्ञात वाहनाच्या धडकेत बिबट ठार’ अशी बातमी छापताना रस्त्याचं नाव, किलोमीटर दगड आणि वेळ या तीन गोष्टी प्रत्येक वेळी द्याव्यात, आणि बिबट्याइतकीच तरसाची, खवल्या मांजराची, अस्वलाच्या पिल्लाचीही बातमी घ्यावी. वर्षाअखेरीस त्या सगळ्या नोंदी जिल्ह्याच्या नकाशावर मांडून एक पान काढावं. कोणत्या दोन-चार वळणांवर आधी पैसा खर्च करायचा हे त्या पानावरून जिल्हा नियोजन समितीला दाखवता येईल. तालुक्यातल्या नोंदी गोळा करायला आम्ही काही निवृत्त चालक तयार आहोत.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक,
ता. साकोली, जि. भंडारा