सायप्रसला निघण्याआधी

मडगाव,
३ ऑगस्ट

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

मंगळवारी मी सायप्रसच्या फुटबॉल क्लबाच्या करारावर सही केली. करार दोन हंगामांचा आहे. २१ तारखेला रात्री मुंबईहून विमान. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती, बाबा 'बरं, बरं, जेवलीस का' म्हणाले असते आणि मग दोघंही रात्रभर कूस बदलत राहिला असतात. म्हणून सगळं लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी विचारलं नाही, हे चुकलं. पण 'तपासणीत पास झाली तर' किंवा 'कामाचा परवाना मिळाला तर' अशी अट घालून खेळाडूचा करार करता येत नाही, फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा, तसा नियमच आहे. सही झाली की करार पक्का. त्यामुळे क्लब सही घेण्याआधीच सगळं तपासून घेतो: ईसीजी, हृदयाचा इको, रक्त, दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय, मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद. अहवाल चांगले आले की लगेच कागद येतात, कारण नोंदणीची मुदत त्यांनाही गाठायची असते. मी चार दिवस मागितले असते तर तेच कागद दुसऱ्या स्ट्रायकरकडे, म्हणजे माझ्यासारख्या पुढे राहून गोल करणारीकडे, गेले असते. रागवायचं असेल तर रागवा, पण तपासणीत सगळं उत्तम निघालंय, हे आधी ऐका.

बाबा, गणपतीत तुम्ही विचारलं होतं, 'सात वर्षांत सहा क्लब, एका जागी का टिकत नाहीस?' तेव्हा काकांसमोर मला नीट उत्तर देता आलं नाही. आपल्याकडची मुलींची लीग काही महिन्यांतच आटोपते आणि करारही बहुतेक तेवढ्यापुरताच असतो. लीग संपली की खेळाडू मोकळी, मग पुढच्या वर्षी जो बोलावेल त्याच्याकडे जायचं. शिक्षणसंस्थेनं तुम्हाला दहिवडीहून पाचवडला पाठवलं, तेव्हा सरांना काढून टाकलं असं कुणी म्हणालं नाही. आईनं ट्रंक भरली आणि आपण निघालो. माझंही तसंच समजा.

त्यात स्ट्रायकरचं काम आणखी वेगळं. गोलकीपर किंवा मधला बचावपटू एका क्लबात दहा वर्षं राहू शकतो, कारण त्याचं काम कोच बदलला तरी फारसं बदलत नाही. स्ट्रायकरचं सगळं मागून येणाऱ्या चेंडूवर अवलंबून. कडेनं क्रॉस टाकणारा संघ असेल तर उंच, डोक्यानं खेळणारा लागतो. चेंडू हिसकावून सरळ पुढे मारणारा संघ असेल तर बचावाच्या मागे धावणारा लागतो. नवा कोच आला, त्यानं दोन स्ट्रायकरांऐवजी एकच ठेवायचं ठरवलं, की एक जण बाकावर. खेळ बिघडलेला नसतो, जागा उरलेली नसते. आणि सहा-सात सामने गोल झाला नाही की पुढच्या करारात पैसे कमी होतात, म्हणून बाकावर बसून राहण्यापेक्षा वेळेत निघणंच शहाणपणाचं.

उरुग्वेचा स्ट्रायकर सेबास्तियन आब्रेऊ घ्या. तीसपेक्षा जास्त क्लब आणि अकरा देश: उरुग्वे, अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको, स्पेन, इस्रायल, ग्रीस, इक्वेडोर, पराग्वे, चिली, एल साल्वाडोर. सर्वाधिक व्यावसायिक क्लबांकडून खेळल्याबद्दल गिनीज बुकात नाव आहे. टिकत नाही म्हणून देशानं त्याला टाकलं का? २००२ आणि २०१०, दोन्ही विश्वचषकांच्या संघात तो होता. २०१० मध्ये घानाविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना १-१ असा बरोबरीत सुटला, पेनल्टींवर गेला आणि शेवटची पेनल्टी त्याच्या वाट्याला आली. गोलकीपर आधीच झेपावणार हे ओळखून त्यानं चेंडू हलकेच मधोमध उचलून टाकला. उरुग्वे उपांत्य फेरीत. इतक्या क्लबांत इतके गोलकीपर पाहिलेल्या माणसालाच ते धाडस जमतं, असं मला वाटतं.

आपले सुनील छेत्रीही २००२ ते २०१३ या काळात आठ क्लबांकडून खेळले. २००९ मध्ये लंडनच्या क्यूपीआर क्लबाशी त्यांचा करार ठरला होता, पण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये नाही म्हणून ब्रिटननं परवाना नाकारला. पुढे अमेरिकेत कॅन्सस सिटी, पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगचा ब संघ, आणि दोन्हीकडे मैदानावर वेळ फार थोडा मिळाला. २०१३ मध्ये बेंगळुरूला आले आणि तिथे रमले. जून २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा देशासाठी ९४ गोल होते, आणि मार्च २०२५ मध्ये पुन्हा बोलावणं आलं तर परत बूट चढवले! आपल्या महिला संघाची बाला देवी जानेवारी २०२० मध्ये स्कॉटलंडला, ग्लासगोच्या रेंजर्स क्लबाकडे गेली. दोन महिन्यांत कोरोनानं लीग बंद पडली, तरी ती थांबली आणि त्याच डिसेंबरमध्ये मदरवेलविरुद्ध गोल केला. आपल्याच संघातली मनीषा कल्याण २०२२ मध्ये याच सायप्रसला गेली आणि तिथून चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची स्पर्धा, खेळली. म्हणजे वाट माझ्याआधी मळलेली आहे, आई. मी काही आडरानात चाललेली नाही.

बाबा, तुम्ही हेडमास्तर होतात, म्हणून कागदांचं तुमच्या भाषेत सांगते. देश बदलताना जो आंतरराष्ट्रीय बदलीचा दाखला लागतो तो अगदी शाळा सोडल्याच्या दाखल्यासारखा. सायप्रसच्या संघटनेनं मागायचा, आपल्या भारतीय संघटनेनं द्यायचा, सगळं फिफाच्या संगणकावर. तो पोचेपर्यंत सराव करता येतो, अधिकृत सामना खेळता येत नाही. एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नाव घालता येतं आणि खेळता येतं त्यांतल्या दोघांकडूनच. पासपोर्टवरचं आणि नोंदणीतलं नाव जुळत नसेल तर दाखला अडू शकतो. माझं नाव दोन्हीकडे तुमच्या नावासह सारखंच आहे, मी दोनदा पाहिलं.

करार वकील मॅडमनी ओळ न् ओळ वाचला. पगाराचा आकडा कर कापून हातात पडणारा आहे की कर धरून, हे आधी विचारलं. हातात पडणारा आहे. ग्रीक आणि इंग्रजी मजकुरात फरक पडला तर कुठला धरायचा, तेही लिहून घेतलं. दुखापत झाली तर शस्त्रक्रिया, फिजिओ आणि त्या काळातला पगार क्लबाकडे. गोलमागे वेगळे पैसे आहेत, पण मी घरखर्च त्यावर मांडलेला नाही, कारण स्ट्रायकरचा एखादा हंगाम कोरडा जातोच. दोन महिन्यांचे पगार थकले तर लेखी कळवून १५ दिवसांची मुदत द्यायची, तरी दिले नाहीत तर करार मोडून निघता येतं आणि दाद फिफाकडे मागता येते. ती वेळ येणार नाही, पण माझ्या हातात काय आहे ते तुम्हाला माहीत असावं.

एकच गोष्ट मला थोडी खुपते. फिफानं ठरवलेल्या तारखांना देशाचं बोलावणं आलं तर क्लबाला सोडावंच लागतं, १५ दिवस आधी पत्र यायला हवं. त्या तारखांबाहेरच्या लांब शिबिरांना मात्र क्लब नाही म्हणू शकतो. म्हणजे निळ्या जर्सीतला एखादा सामना हुकेल. बाबा, हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला ठाऊक आहे. मलाही वाटलं. पण दर आठवड्याला तगड्या बचावपटूंसमोर खेळले तर शिबिरात जाईन तेव्हा जास्त तयार असेन.

आता आई, तुझं. फ्लॅट क्लबाचा आहे, मैदानापासून चालत दहा मिनिटांवर, तिघी मुली राहणार आणि प्रत्येकीला वेगळी खोली. स्वयंपाकघर आहे. तीन लिटरचा कुकर, लाटणं आणि तुझा छोटा तवा बॅगेत गेलाय. सरावाच्या दिवशी दुपारचं जेवण क्लबातच. तिकडे मसूर, चणे, चवळी आवडीनं खातात, दही आपल्यापेक्षा घट्ट. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडताना गोंधळ नाही. थंडी साताऱ्याहून जास्त, पण सोसेल एवढीच. स्वेटर विणायला घेऊ नकोस, तुझ्या मानेला त्रास होतो. (विणायला घेतलाच असशील तर निळा कर.)

सामन्याच्या दिवशी तीन-चार तास आधी भात, अंडी किंवा चिकन, तेल कमी, उसळ नाही, पोट जड होतं. सामना संपल्यावर पहिले चार तास, दर तासाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम कर्बोदकं. मी ५४ किलोची, म्हणजे तासाला दोन मोठी केळी किंवा तेवढा भात. तू म्हणायचीस ना, खेळून आली की आधी काहीतरी पोटात घाल, पाय नंतर धू. फिजिओही तेच सांगतात.

गुडघ्याची काळजी तू करतेसच. मुलींचा गुडघा बहुतेक वेळा धक्क्यानं जात नाही, उडीवरून एका पायावर उतरताना किंवा धावता धावता गर्रकन वळताना तो आत झुकतो आणि लिगामेंट तुटतं. म्हणून वीस मिनिटांचा ठरलेला वॉर्म-अप: हळू धावणं, मग एका पायावर तोल, उड्या मारून गुडघा बोटांच्या रेषेत ठेवून उतरणं, गुडघ्यांवर बसून शरीर सावकाश पुढे सोडायचा मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम, शेवटी वेगात धावून वळणं. हे मी एकही दिवस चुकवत नाही. कृत्रिम गवतावर आखूड, जास्त स्टडचे (तळाच्या खुंट्यांचे) बूट, खऱ्या गवतावर लांब स्टडचे. लांब स्टड कृत्रिम गवतात रुततो, पाय अडकतो आणि गुडघा फिरतो. दोन्ही जोड नवे घेतलेत, पैसे वाचवले नाहीत.

माझ्या लग्नाचं आत्याला काय सांगायचं, हा प्रश्न तुला सतावत असेल. तिला सांग, २०२१ पासून फिफाचा नियम आहे: मूल झालं तर किमान १४ आठवड्यांची रजा, पगार किमान दोन तृतीयांश, आणि त्या कारणावरून क्लबाला काढता येत नाही. म्हणजे लग्न आणि फुटबॉल यांतलं एकच निवड, असं मला कुणी सांगणार नाही. मी नाही म्हटलेलं नाही, आई. दोन हंगाम दे.

चूर्ण, काढा, खोकल्याचं औषध यांतलं काहीही बॅगेत घालू नकोस, कुणाबरोबर पाठवूही नकोस. खोकल्या-सर्दीच्या कितीतरी औषधांत इफेड्रिनसारखी द्रव्यं असतात, चूर्णात काय काय आहे ते पुडीवर पूर्ण लिहिलेलं नसतं, आणि चाचणीत सापडलं की जबाबदारी खेळाडूचीच. 'आईनं दिलं' हे तिथे चालत नाही, चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. तूप आणि खव्याचं काहीही युरोपात नेता येत नाही. सायप्रसही त्यात आलं, विमानतळावर काढून टाकतात. शेंगदाण्याची चटणी आणि मसाला चालतो, नीट सीलबंद करून दे.

आता माझं ऐकायचं. आई, धान्य निवडायला जमिनीवर बसू नकोस, टेबलाशी बस. गच्चीचा जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेव, गुडघ्यानं ती खाली दाब, पाच अंक मोज, सोड. दहा वेळा, दिवसातून तीनदा. गुडघा दुखावलेल्या स्ट्रायकरलाही फिजिओ सुरुवातीला हेच देतात. बाबा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकादशी नाही. तीन महिन्यांची साखर पंधरा ऑगस्टच्या आत तपासून मला फोटो पाठवा. अजिंक्यताऱ्यावर अनवाणी जायचं नाही, रोज रात्री तळवे बघायचे, नीट दिसत नसेल तर आईनं बघायचे. जेवण झाल्यावर दहा मिनिटं अंगणात चालायचं, लगेच टीव्हीसमोर बसायचं नाही. शेजारच्या दादाला मी किल्ली आणि डॉक्टरांचा नंबर देऊन ठेवतेय. त्यावर भांडू नका.

सध्या तिकडचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, ऑक्टोबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत साडेतीन. फोन रोज तुमच्या साडेआठला करेन, हिवाळ्यातही साडेआठलाच, वेळ माझ्याकडची बदलेन. सामन्याच्या दिवशी उशीर झाला तर जागत बसू नका, निकाल सकाळी मोबाईलवर असेल.

मुंबईला दोघंही या. शिवशाहीची पुढची सीट काढा, बाबांना पाय लांब करता येतील, आणि वाशीला उतरा, मी तिथे थांबते. मोती चौकातून पाव किलो कंदी पेढे आणा. विमानतळाबाहेर बसून तिघं मिळून संपवू.

तुमची,
ताई