इकोबूस्ट की जीटी: मनूला पत्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, फोर्डची मस्टँग चार सिलिंडरची घेऊ की आठची?" आणि मी "बघू" म्हणून विषय सोडला. सोडायला नको होता. एसटीच्या दापोडी वर्कशॉपात ३२ वर्षं इंजिनं उघडली, त्या माणसाला त्याची लेक इंजिनाबद्दल विचारते, आणि तो "बघू" म्हणतो! त्या रात्री उठून वही काढली. दोन दिवस मांडत बसलो होतो, ते आज लिहितो.

आधी पैशाचं. चार सिलिंडरची ती इकोबूस्ट: इंजिन २.३ लिटरचं, टर्बोवालं (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा), ३१५ हॉर्सपॉवर. आठ सिलिंडरची, म्हणजे व्ही-एट, ती जीटी: पाच लिटरचं, टर्बो नाही, ४८० हॉर्सपॉवर. दोन्हींच्या किमतीत निदान दहा हजार डॉलरचं अंतर. तू अ‍ॅन आर्बरहून डिअरबॉर्नला ऑफिसला आठवड्यातून तीन दिवस जातेस, जाऊन-येऊन सत्तर मैल. इकडचं तिकडचं फिरणं धरून वर्षाला १२,००० मैल होतील. सरकारी आकड्यांप्रमाणे इकोबूस्ट गॅलनला २६ मैल देते, मॅन्युअल, म्हणजे क्लचवाली, जीटी १७. म्हणजे जीटीला वर्षाला साधारण २४५ गॅलन जास्त लागणार. गॅलनला चार डॉलर धरले तर हजाराला वीस कमी. तुझ्या पगारात हे बसतं. इन्शुरन्सचं मात्र मला इथे बसून कळणार नाही. सही करायच्या आधी दोन्ही गाड्यांचे हप्ते लेखी मागव. तरुण माणूस आणि व्ही-एट एकत्र आले की कंपन्या हप्ता वाढवतात.

आता इंजिनाचं.

गेल्या सप्टेंबरात आपण भाड्याने घेतलेली लाल मस्टँग आठवते ना? ती इकोबूस्टच होती. एम-२२ रस्त्याने लेक मिशिगनच्या कडेकडेने आपण वर स्लीपिंग बेअरच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत गेलो. आर्केडियाच्या चढावर तू नुसता पाय टेकवलास आणि गाडी सरळ निघाली. मी तेव्हा काही बोललो नाही, पण मनातून थक्क झालो होतो. एवढ्याशा इंजिनाला ३,००० आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांवर, ३५० पौंड-फूट टॉर्क, म्हणजे ओढ! १९७४ साली याच मस्टँगमध्ये २.३ लिटरचं चार सिलिंडर इंजिन आलं होतं, तेव्हा त्याची ताकद शंभर हॉर्सपॉवरच्याही आत होती. त्या वर्षी तर व्ही-एट मिळतच नव्हतं. आकार तोच ठेवून ताकद तिपटीच्या वर नेली, हे ज्यांनी केलं त्यांना माझा नमस्कार आहे. चार सिलिंडर म्हणजे गरिबाची गाडी असं तुला ऑफिसात कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस.

टर्बोचं एक सांगून ठेवतो. आमच्याकडे टर्बो उतरवला की मी पहिल्यांदा त्याचा शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, चिमटीत धरून हलवायचो. आडवा प्ले, म्हणजे सैलपणा, किंचित चालतो. पण लांबीच्या दिशेने जरा जरी मागे-पुढे हललेला बोटांना जाणवला की समजायचं, टर्बो गेला. आणि बहुतेक वेळा कारण एकच असायचं. घाट चढून गाडी डेपोत आली की ड्रायव्हर लगेच चावी फिरवून उतरायचा. तो शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत असतो, तापलेला असतो, आणि ऑइलचा दाब त्याच क्षणी संपतो. आतलं ऑइल जळून काळं होतं. आताच्या टर्बोंना पाण्याचं कूलिंग असतं, त्यामुळे तेवढी भीती उरलेली नाही. तरी इकोबूस्ट घेतलीस तर जोरात पळवून आल्यावर मिनिटभर चालू ठेवून मग बंद कर. ऑइल वेळच्या वेळी बदल. एवढं केलंस तर ते इंजिन तुला त्रास देणार नाही.

मग जीटी का घ्यायची? याचं उत्तर मला शोरूममधल्या त्या अर्ध्या तासात मिळालं. सेल्समनने तुला मॅन्युअल जीटीची चावी दिली, मी शेजारी बसलो. गार इंजिन तू चालू केलंस आणि माझ्या पाठीला सीटमधून ते ठोके जाणवले. चार सिलिंडरमध्ये क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, अर्धा फेरा फिरला की एक स्फोट, यात पाव फेऱ्याला एक. त्यामुळे ओढ तुटत नाही. पण क्रँकची ठेवण अशी की डाव्या-उजव्या बाजूचे स्फोट एकाआड एक होत नाहीत, कधी एकाच बाजूला लागोपाठ दोन पडतात. म्हणून तो घुमणारा, किंचित अडखळल्यासारखा आवाज. इकोबूस्टमध्ये स्पीकरमधून आवाजाची भर घालतात. इथे भर घालावी लागत नाही.

आणि पायाचं उत्तर! टर्बोत पाय दाबला की हवा साठायला क्षणभर जातो, तेवढं थांबावं लागतं. जीटीत तसं नाही. पाय केसभर हलवलास तर इंजिनही केसभरच हलतं. मात्र हेही बघ, त्याचा सगळ्यात जास्त टॉर्क ४,९०० आरपीएमला येतो आणि ४८० हॉर्सपॉवर पुऱ्या व्हायला सात हजारांच्या वर जावं लागतं. ऑफिसच्या वाटेवर तू तिथे क्वचितच पोचशील. ताशी सत्तर मैलांची वेगमर्यादा खालच्या गिअरांतच गाठली जाते. म्हणजे ४८० या आकड्यासाठी दहा हजार डॉलर मोजणार असशील तर मोजू नकोस, असं मी स्पष्ट सांगतो.

पण तू आकड्यासाठी विचारत नाहीयेस, असं मला वाटतं. त्या दिवशी शोरूमच्या फाटकातून बाहेर पडताना पहिल्याच सिग्नलला तुझ्या हातून गाडी बंद पडली. मागच्याने हॉर्न वाजवला. तू क्लच दाबून पुन्हा चालू केलीस आणि हसत सुटलीस. ते हसू मी ओळखतो. अठरा वर्षांची होतीस, रविवारी वर्कशॉपामागच्या रिकाम्या रस्त्यावर आपली जुनी व्हॅन सातव्यांदा बंद पडली तेव्हाही अशीच हसली होतीस, आणि आठव्यांदा हाफ क्लचवर ती चढावर धरून दाखवली होतीस. अमेरिकेत गेल्यापासून सहा वर्षं तुझा डावा पाय नुसता बसून आहे.

आणि गाठ इथेच आहे. नव्या मस्टँगमध्ये इकोबूस्टला फक्त दहा गिअरची ऑटोमॅटिक मिळते. क्लच हवा असेल तर जीटीकडेच जावं लागतं. म्हणजे तुला वाटतंय तू इंजिन निवडतेयस, पण खरं तर तू गिअरबॉक्स निवडतेयस. २०१६ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा ती फक्त व्ही-एटमध्ये आणि फक्त ऑटोमॅटिकमध्येच मिळायची, तीही पासष्ट लाखांच्या घरात. इथल्या माणसाला निवड करायचा प्रश्नच आला नाही. तुला करता येतेय.

माझं मत असं. ऑटोमॅटिकच घ्यायची असेल तर डोळे मिटून इकोबूस्ट घे. ती वजनानेही शंभरेक किलो हलकी आहे आणि ते वजन मुख्यतः पुढच्या चाकांवरून कमी झालंय, वळणावर फरक कळेल. उरलेल्या दहा हजारांचं कर्ज फेड. ऑटोमॅटिक जीटी घेऊ नकोस, ना पैसे वाचतील ना मन भरेल. पण क्लच हवा असेल तर मॅन्युअल जीटी घे आणि पैशाचं मनाला लावून घेऊ नकोस. मस्टँगच्या जोडीच्या कॅमारो आणि चॅलेंजर या दोन्ही गाड्या २०२३ च्या डिसेंबरात बंद झाल्या. मोठं व्ही-एट आणि तीन पेडल हे किती दिवस मिळेल कोणास ठाऊक. मला विचारशील तर मी तुला जीटीत बसलेली बघतोय.

घेतलीस तर जादा पैसे देऊन मिळणाऱ्या परफॉर्मन्स पॅकेजच्या नादी लागू नकोस. त्याच्यासोबत उन्हाळी टायर येतात. सात अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होतं आणि तुझ्याकडे तर नोव्हेंबरातच बर्फ पडतो. ताकद मागच्या चाकांना जाते, हे विसरू नकोस. विंटर टायरचा वेगळा सेट गाडीबरोबरच घे, त्याचे पैसे आजच बाजूला काढ, मी अर्धे पाठवतो. रस्त्यावर मीठ टाकायला लागले की दर पंधरा दिवसांनी गाडी खालून धुऊन घे. ऑइल दहा क्वार्ट, म्हणजे साधारण साडेनऊ लिटर, लागतं, तेव्हा बदलायचा खर्च बघून दचकू नकोस.

पहिले हजार मैल इंजिन ताणू नकोस. एकाच वेगावर फार वेळ ठेवू नकोस, वरखाली होऊ दे, पिस्टनच्या रिंगा बसू देत. आणि गाडी घरी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर गार पडलेली असतानाच, बोनेट उघड, मला फोन लाव, फोन इंजिनाजवळ धर आणि मग चालू कर. सुरुवातीला टिकटिक ऐकू आली तर घाबरू नकोस, ती पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरची असते. बाकीचं मी ऐकून सांगतो. तुझ्याकडे सकाळचे सात म्हणजे आमच्याकडे संध्याकाळ, मी घरीच असतो.

तुझे,
बाबा