बाबा, भात सोडू नका, मोजून खा

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

रोज फोनवर बोलतोच आपण, तरी हे मुद्दाम लिहून पाठवतेय, कारण फोनवर बाबा "बरं बरं" म्हणतात आणि आई लगेच चिनूच्या शाळेचं विचारते, मग राहूनच जातं. लिहिलेलं असेल तर आई फ्रिजवर तरी लावेल.

मागच्या मंगळवारी दुपारी चारला आई तुझा फोन आला ना, तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. यांचे हात थरथरतायत, बनियन घामाने चिंब झालंय, चहाचा कपही धरता येत नाहीये, असं तू एका दमात सांगितलंस, आणि साखरेच्या मशीनवर ५८ आलंय म्हणालीस तेव्हा माझ्याच पायातलं बळ गेलं. तीन चमचे साखर पाण्यात कालवून दे म्हटलं, पंधरा मिनिटांनी परत बघ म्हटलं, आणि ती पंधरा मिनिटं मी फोन कानाला लावून तिथेच बसून राहिले. ८४ आलं तेव्हा रडू आलं मला. तुम्हाला सांगितलं नाही तेव्हा.

बाबा, मी रागावलेली नाहीये. उलट मलाच खूप वाईट वाटतंय, कारण गेले नऊ महिने मीच तुम्हाला माझ्या ताटाचे फोटो पाठवतेय, माझं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.३ वरून ५.७ वर आलं ते कौतुकाने सांगतेय, आणि त्यातूनच तुम्ही मनावर घेतलंत. वर तुमच्या मित्रांच्या ग्रुपवर ती 'पेलिओ' ची, म्हणजे अश्मयुगातल्या माणसासारखं खायची यादी आली, भात बंद, भाकरी बंद, डाळ बंद, दूध बंद, आणि तुम्ही दुसऱ्या दिवसापासून चहा सोडून सगळं बंद केलंत. पण माझ्यात आणि तुमच्यात एक मोठा फरक आहे तो मी कधी बोललेच नाही, चूक माझी आहे. मी एकही गोळी घेत नाही. तुम्ही सकाळी जी ग्लिमेपिराइड घेता ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते ती बघत नाही. पोटात भात नाही आणि गोळी तेवढीच, मग साखर खाली जाणारच, ७० च्या खाली गेली की ते धोक्याचं. तुमचा संयम कमी पडला नाही की तब्येत नाजूक झाली नाही, नुसता गोळी आणि ताटाचा हिशोब जुळला नाही.

डॉक्टरांशी मी बोललेय सविस्तर. त्यांनी ती गोळी अर्धी केलीये ते तुम्हाला माहीत आहेच, साखरेची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, तशीच ठेवलीये. पंधरा दिवस उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासून वहीत लिहायची, आणि तोवर दोन्ही जेवणांत एक एक वाटी भात किंवा एक भाकरी ठेवायचीच, त्याहून कमी करायचं ते आकडे बघून तेच सांगतील. बीपी पण मशीनवर बघत रहा, पीठभात कमी केला की सुरुवातीला शरीरातून पाणी आणि मीठ जास्त बाहेर जातं, बीपी उतरू शकतं, आणि तुमची त्याची गोळीही चालू आहे. मला पहिल्या आठवड्यात लोकलमधे चक्कर आली होती ती ह्यामुळेच. आणि शेजारच्या काकांना पण सांगा की त्यांच्या गोळीच्या नावात शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असेल तर असलं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात सुरू करू नका, त्या गोळ्यांवर भात-भाकरी एकदम बंद केली तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठून माणूस अ‍ॅडमिट होऊ शकतो.

आता त्या यादीबद्दल. बाबा, तुम्ही तीस वर्षं इतिहास शिकवलाय म्हणून तुम्हाला हे आवडेल. पेलिओवाल्यांचं म्हणणं असं की शेती साधारण दहा हजार वर्षांपूर्वी आली, त्याआधी माणूस मांस, मासे, फळं, कंद, सुका मेवा ह्यावर जगत होता, म्हणून धान्य, डाळी, दूध, साखर सगळं सोडा. पण इस्राएलमधे गॅलिलीच्या सरोवराकाठी २३,००० वर्षांपूर्वीची एक वस्ती सापडलीये, तिथल्या दगडावर रानटी सातू, म्हणजे जव, दळल्याच्या खुणा आहेत! म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस रानातलं धान्य गोळा करून दळून खात होता. त्यामुळे भात-भाकरी खाल्ली की पाप केलं असं मनात आणू नका.

आणि दुसरं म्हणजे पेलिओ आणि लो कार्ब, म्हणजे पीठ-साखर (कार्ब) कमी खाणं, हे एक नाहीच, लोक दोन्ही एकत्र कालवतात. पेलिओत मध चालतो, खजूर चालतो, केळी, रताळं सगळं चालतं, कारण ते निसर्गातलं, पण तुमच्या साखरेला मध काय आणि साखर काय सारखंच. उलट दही, पनीर, ताक पेलिओत बसत नाही पण साखरेच्या दृष्टीने ते भातापेक्षा किती बरं. मी स्वतः दोन्हीतलं मला पटलं तेवढं घेतलंय, जे शेतातून, झाडावरून, समुद्रातून जसं आलं तसं ओळखू येतं ते खायचं, आणि पीठ, भात, साखर मोजून. फॅक्टरीतलं शक्यतो नाही. मागे मी हौसेने एक 'डाएट' लिहिलेलं बिस्किटाचं पाकीट आणलं होतं, घरी येऊन मागची बारीक अक्षरं वाचली तर पहिलाच शब्द मैदा, पुढे माल्टोडेक्स्ट्रिन, तेही पिठूळच. तेव्हापासून पुढचं चित्र बघतच नाही मी, मागचं वाचते.

हिशोब एकदा समजून घ्या म्हणजे यादी लागणार नाही. आपली स्टीलची छोटी वाटी सपाट भरून शिजवलेला भात म्हणजे साधारण ३० ग्रॅम कार्ब. तांदळाची एक भाकरी ५० ग्रॅम पिठाची धरली तर ४० च्या आसपास, म्हणजे भाकरी ही भातापेक्षा हलकी हा आपला समज बरोबर नाही. नाचणीचं पण तसंच, नाचणी चांगलीच, कॅल्शियम भरपूर, आईच्या हाडांना तर हवीच, पण कार्ब भाकरीएवढेच, आणि नाचणीचं आंबील गूळ घालून प्यायलं तर साखर भरभर चढते. गुळाचा चहा साखरेच्या चहापेक्षा वेगळा नाही. बाबा, तुमचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दिवसाला ३५-४० ग्रॅम, एका वाटी भाताहून जास्त! तुम्ही भात सोडलात आणि चहा तसाच ठेवलात. मला वाटतं आधी तिथून कमी करूया, आठवड्याला अर्धा चमचा, जिभेला कळत पण नाही. फक्त हे उपाशीपोटीचे आणि नंतरचे आकडे डॉक्टरांना दाखवत दाखवत करा.

मग खायचं काय, तर आपल्या घरात कधी न शिजलेलं असं काहीच आणायला नकोय, तो अव्होकाडो आणि बदामाचं पीठ तर नकोच, ते महाग आणि आपल्या जिभेचं पण नाही. चिपळूणच्या बाजारात बांगडा, तारली मिळतात त्याहून चांगलं काय असणार, पीठभात शून्य, प्रोटीन भरपूर, आणि ते चांगलं म्हणतात ते ओमेगा ३ ह्या तेलकट माशांतच असतं. कालवण, सुकं, तव्यावर थोड्या तेलात, कसंही. तांदळाच्या पिठाचा जाड थर मात्र नको, नुसता मसाला आणि कोकमाचं आगळ चोळून छान लागतो. आता जून-जुलै मासेमारीला बंदी, तर अंडी. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रोटीन आणि कार्ब जवळजवळ नाहीतच. सुकट, सोडे, बोंबील आहेत डब्यात पण त्यात मीठ फार, कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुवून घे आई, आणि आठवड्यातून एकदाच, यांच्या बीपीसाठी.

पावसाळ्यात तर भाज्यांची चंगळच. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, ओलं खोबरं घालून मोठी वाटी भरून खा, ह्याला मोजायचं कारणच नाही. पडवळ, दुधी, शिराळी, भेंडी, वांगी, कारली, शेवग्याच्या शेंगा सगळं चालेल. बटाटा, सुरण, रताळं, करांदे, आठळ्या ही भाजी म्हणून नाही तर भात म्हणून धरायची, म्हणजे ते असेल त्या दिवशी भात अर्धी वाटी. वालाचं बिरडं आणि कुळथाचं पिठलं सोडू नका हो, यादीत काहीही लिहिलेलं असो. त्यात कार्ब आहेत पण प्रोटीन आणि चोथा पण आहे, साखर सावकाश चढते, आणि श्रावणात तुम्ही मासे-अंडी सोडलीत की प्रोटीन येणार कुठून, बिरडं, दही, पनीर आणि मूठभर दाणे ह्यातूनच ना. फळांत पेरू, जांभूळ, पपईची दोन फोडी. चिकू आणि केळं कमीच. कोकमाचं सरबत म्हणजे साखरच आहे, त्यापेक्षा बिनसाखरेची सोलकढी.

उपासाचं आता स्पष्टच सांगते, साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ आहे, १०० ग्रॅममधे ८८ ग्रॅमच्या आसपास कार्ब, भातापेक्षा वाईट. आणि ती गोळी घेऊन दिवसभर उपाशी राहायचं आणि संकष्टीला रात्री चंद्र बघून एकदम जेवायचं हे आता नको बाबा. गणपती रागावणार नाहीत. काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, दही, थोडी भोपळ्याची भाजी, वेळेवर खा आणि आरतीला उभे रहा.

एक गोष्ट अजून करून बघा, ती मी रोज करते. आधी भाजी आणि मासा, सगळ्यात शेवटी भात. तेवढाच भात शेवटी खाल्ला तरी जेवणानंतर साखर कमी उसळते. मला माहितीये हे तुम्हाला जड जाणार. ताटात मधोमध भाताचा डोंगर, बोटांनी त्याला आळं करायचं, त्यात कालवण ओतायचं आणि ते फुटून वाहायच्या आत पहिला घास घ्यायचा, लहानपणी मी तुमच्या मांडीला टेकून ते आळं फुटतंय का बघत बसायचे. वाटीभर भाताचंही आळं होतं, मी करून बघितलंय, लहान होतं पण होतं. आधी वाटीतलं अर्धं कालवण नुसतंच चमच्याने प्या आणि मग आळं करा. जेवून झालं की लगेच आडवं न होता अंगणात पंधरा मिनिटं, पाऊस असेल तर पडवीत.

आता आई. तू ४७ किलोची आहेस आणि तुला साखर नाही. तरी मागच्या महिन्यात तू पण भात कमी केलास, "यांच्यासमोर कशी खाऊ" म्हणून, आणि रात्री उरलेलं पुसून पातेलं घासायला टाकतेस, ताटात काय पडलं ते तुलाच माहीत. हे मला अजिबात चालणार नाही. तू भात खायचास, पोटभर, वर तूप घेऊन. आणि त्याबरोबर मासा यांच्याएवढाच, शेपटीचा तुकडा नाही, मधला. अंडं रोज एक, गुरुवार-सोमवार सोडून, त्या दिवशी दही. तुझ्या वयात हातापायातलं मांस झिजतं आणि मग पडलं की मोडतं, त्याला प्रोटीनच लागतं. दोन स्वयंपाक करत बसू नकोस, पातेलं एकच, मासा तोच, भाजी तीच, फक्त वाढताना यांना भाजीचा डाव मोठा आणि तुला भाताचा. सकाळी पोहे-घावनं रोज नकोत, तीन दिवस अंड्याची पोळी कांदा-कोथिंबीर घालून, तीन दिवस मटकीची उसळ, एक दिवस घावनं दोन, त्याबरोबर चटणी भरपूर. ह्यांनी मागितलं म्हणून तिसरं घालू नकोस.

बाबा, डॉक्टरांनी किडनीची ती क्रिएटिनिनची तपासणी परत करायला सांगितलंय, ते येईपर्यंत मासे-अंडी नेहमीच्या प्रमाणातच, भाताची भर म्हणून ताटात चार-चार बांगडे नकोत. किडनीचं नीट कळू दे. आणि बाहेर जाताना शर्टाच्या खिशात साखरेच्या दोन पुड्या ठेवा, घाम आला, थरथर झाली, एकदम भूक भूक झाली तर आधी साखर खायची आणि मग मला फोन. आईला पण तेच, तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटं, परत मशीन. माझा फोन लागला नाही तरी थांबायचं नाही. आणि शुद्ध हरपतेय असं वाटलं तर तोंडात काही घालू नकोस, सरळ १०८ ला फोन कर.

मी गुरुवारी मांडवीने निघतेय, ठाण्याहून. मशीनच्या पट्ट्या दोन डब्या घेतल्यात, आणि जुनी शंभर पानी वही सापडली तर बाबा तीच काढून ठेवा, तुमच्या अक्षरात तारीख, वेळ, आकडा आणि काय जेवलात ते, आपण दोघं बसून बघू कुठल्या जेवणाने किती चढते. चिनू पण येतोय, त्याला शेवग्याच्या शेंगा काढायच्यात.

पाऊस लागलाय म्हणालात ना, वलगणीचे मासे आले असतील तर आई थोडे ठेव, कोकम घालून, मी आल्यावर करूया.

तुमची लेक