मेसच्या काकूंना

काकू,

समोर बसून हे बोलायला गेले की तुम्ही "पुरे गं, पोळी घे" म्हणून विषय मोडता. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितेय, कारण नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडला खोली घेऊन मेसवर जेवणाऱ्या माझ्यासारख्या खूप मुली आहेत.

निफाडहून आले तेव्हा तुमच्या मेसमध्ये सगळ्यात मोठ्याने हसणारी मीच होते. वर्षभरात कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसायला लागले. जेवायला बसलं की आधी ताटाचा फोटो, मग शेजारी कोण आहे त्याचा फोटो माझ्या बॉयफ्रेंडला पाठवायचा. लोकेशन दिवसरात्र चालू. उत्तराला दहा मिनिटं उशीर झाला की दोन दिवस अबोला, आणि चूक काय हे न कळताच मी माफी मागायची. त्याने कधी हात उगारला नाही, त्यामुळे याला छळ म्हणतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. काळजी करतो, असं मैत्रिणींना सांगायचे. हळूहळू मैत्रिणीही तुटल्या.

एकदा सगळे गेल्यावर तुम्ही शेजारी येऊन बसलात. "बाळा, त्याचा फोन वाजला की बरं वाटतं, की पोटात गोळा येतो?" एवढंच विचारलंत. मला रडूच आलं. 'सोड त्याला' म्हणाला असतात तर मी मेस बदलली असती, खरंच. त्यानंतरही मी दोनदा त्याच्याकडे परत गेले. दोन्ही वेळा तुम्ही वाढताना एक शब्द लावून बोलला नाहीत.

आणि घरी कळवलं नाहीत, काकू. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या धावपळीत बाबांच्या कानावर कुणी अर्धवट काही घातलं असतं, तर दुसऱ्या दिवशी माझी बॅग भरली गेली असती. शिक्षण तिथेच संपलं असतं. याच भीतीने माझं तोंड शिवलेलं होतं.

"फोन उचलला नाहीस तर धरणावर जातो" असा मेसेज आला त्या रात्री मी तुमचं दार वाजवलं. मी एकटी त्याच्याकडे निघाले होते. तुम्ही मला बसवलंत, त्याच्या मोठ्या भावाला फोन लावायला सांगितलंत आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याला द्यायला लावलात. तिथे रात्रीही माणूस बोलतो, पैसे लागत नाहीत. जीव धोक्यात वाटला तर थेट ११२. त्याचा जीव सांभाळायला माणसं आहेत, ते तुझ्या एकटीच्या डोक्यावर नाही, हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

पुढे तो नव्या नव्या नंबरांवरून मेसेज करायला लागला, तेव्हा तुमच्या ओळखीच्या वकील ताईंनी सांगितलं, की मुलीने स्पष्ट नाही म्हटल्यावरही पुरुषाने पुन्हा पुन्हा संपर्क करत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. स्क्रीनशॉट जपून ठेवले. तसं त्याला एकदाच कळवलं आणि मेसेज थांबले.

दिवाळीत आईला मी स्वतःहून सगळं सांगितलं. ती रागावली, मग रडली, मग तुमचं नाव विचारलं. रविवारी ती नाशिकला येतेय. द्राक्षांची पेटी घेऊन येईल, नाही म्हणू नका.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची