फंक्शनच्या नावातले टिंब

संपादक महोदय,

महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी गोव्यातल्या पावसाचे आकडे आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत मांडणारे विद्यार्थी आता बरेच आहेत. त्यांच्या आज्ञावल्यांत एक खोड हटकून दिसते: फंक्शनच्या नावात टिंब. दिसायला किरकोळ, पण याच टिंबामुळे उत्तर चुकते आणि पडद्यावर एरर येत नाही.

समजा, वाळपईच्या वर्षभराच्या रोजच्या पावसाची मालिका आहे. आलेख हवा तसा यावा म्हणून तिला ‘पाऊस’ असा क्लास (प्रकाराचे नाव) दिला. महिन्याची सरासरी काढायला ‘मीन.पाऊस’ हे फंक्शन लिहिले आणि महिना दिला नाही तर जून धरावा अशी सोय केली. पुढे कोणी वर्षाच्या सरासरीसाठी नुसते ‘मीन’ चालवले, तर आर त्या मालिकेचा क्लास पाहते, जेनेरिकचे (‘मीन’सारख्या, क्लासप्रमाणे काम बदलणाऱ्या फंक्शनचे) नाव, टिंब आणि क्लासचे नाव जोडते व ‘मीन.पाऊस’ शोधते. ते सापडतेच. मग वर्षाच्या रकान्यात जूनची सरासरी जाऊन बसते. महिन्याला आधी काही किंमत दिलेली नसती तर निदान ‘आर्ग्युमेंट मिसिंग’ अशी तक्रार तरी आली असती. ‘प्रिंट.पाऊस’ची गत याहून वाईट. ते फाइल लिहिण्यासाठी केलेले असेल, तर कन्सोलवर मालिकेचे नुसते नाव टाइप केले तरी फाइल लिहिली जाते.

पायथन शिकून आलेल्यांना वाटते, टिंबाच्या अलीकडे वस्तू आणि पलीकडे तिची क्रिया. आरमध्ये टिंब हे नावातले एक साधे अक्षर आहे; एस-३ ही आरमधली क्लासची पद्धत मात्र त्याच अक्षरावर मेथड, म्हणजे त्या क्लाससाठीचे खास फंक्शन, ओळखते. ‘टी.डेटा.फ्रेम’ घ्या. ‘टी’ची ‘डेटा.फ्रेम’साठी मेथड की ‘टी.डेटा’ची ‘फ्रेम’साठी, हे नावावरून कळायची सोय नाही.

दोष सगळा विद्यार्थ्यांचा नाही. आरची पूर्वज असलेल्या जुन्या एस भाषेत अंडरस्कोर हे किंमत देण्याचे चिन्ह होते, म्हणून शब्द तोडायला टिंब वापरत. आरने ते चिन्ह १.८.० आवृत्तीत काढले आणि १.९.० पासून, म्हणजे २००४ पासून, नावात अंडरस्कोर चालू लागला. सवय मात्र राहिली. खुद्द आरमधले ‘सॉर्ट.लिस्ट’ ही ‘सॉर्ट’ची लिस्टसाठीची मेथड नाही, तरी लिस्टवर ‘सॉर्ट’ चालवले की गाडी तिथेच जाते. शेवटी त्याच्या एरर संदेशातच ‘तुम्ही लिस्टवर सॉर्ट चालवले का?’ असा प्रश्न घालावा लागला! ‘टी.टेस्ट’चेही तसेच: ‘टी’ मॅट्रिक्सच्या ओळी आणि रकाने यांची अदलाबदल करते, ‘टी.टेस्ट’ चाचणी करते, दोघांचा संबंध नाही. आर ४.०.० पासून मेथड शोधताना ग्लोबल (वापरणाऱ्याची स्वतःची जागा) आणि बेस (आरचा मूळ संच) यांच्या मधली जोडलेली पॅकेजेस (फंक्शनांचे तयार संच) वगळली जातात, त्यामुळे हा खड्डा बराच बुजला. पण ग्लोबलमध्ये शोध आधीसारखाच होतो, आणि विद्यार्थ्याची सगळी फंक्शन्स तिथेच असतात.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या वह्यांत ‘पाऊस_सरासरी’ असे अंडरस्कोरचे नाव द्यावे. मीन, प्रिंट, प्लॉट, समरी, फॉरमॅट, सॉर्ट, टी, ऑल यांच्यापुढे टिंब देऊन नाव सुरू करूच नये. शंका आली तर ‘मेथड्स’ला जेनेरिकचे नाव देऊन यादी पाहावी किंवा ‘इजएस३मेथड’ला आपले नाव विचारावे. क्लासच्या नावातही टिंब नको. ‘टेस्ट’, ‘लिस्ट’, ‘डीफॉल्ट’ ही नावे तर नकोतच.

पॅकेज करणाऱ्यांची अडचण निराळी. खरोखरच मेथड हवी असेल तर ती नेमस्पेस फाइलमध्ये (पॅकेजमधले काय बाहेर वापरता येईल ते सांगणाऱ्या) ‘एस३मेथड’ने नोंदवावी लागते. नोंदवली नाही तर पॅकेजच्या आतून ती चालते, पण बाहेरून वापरणाऱ्याला डीफॉल्ट, म्हणजे जेनेरिकची सर्वसाधारण मेथड, मिळते. लेखकाच्या यंत्रावर सगळे बरोबर, दुसऱ्याकडे चूक. याच्या उलट, रॉक्सिजन (ती फाइल आपोआप तयार करणारे साधन) वापरताना जेनेरिकचे नाव व टिंब यांनी सुरू होणाऱ्या साध्या फंक्शनवर नुसते ‘एक्सपोर्ट’ लिहिले, तर ते मेथड समजून नोंदवले जाते आणि वापरणाऱ्याला ‘फंक्शन सापडत नाही’ असे उत्तर मिळते. अशा वेळी एक्सपोर्टपुढे फंक्शनचे पूर्ण नाव लिहावे. नावच बदलले तर उत्तम. ‘आर सीएमडी चेक’ ही पॅकेज तपासणारी आज्ञा मेथडसारखी दिसणारी पण न नोंदवलेली नावे दाखवते. तो भाग वगळून पुढे जाण्याची घाई करू नये.

नाव बदलल्यावर आणखी एक काम उरते. जुने ‘मीन.पाऊस’ जतन केलेल्या वर्कस्पेसमध्ये (मागच्या वेळच्या साठवलेल्या कामात) तसेच असते आणि पुढच्या वेळी आर उघडताच परत येते. स्क्रिप्ट नवी, उत्तर जुनेच. ‘आरएम’ या आज्ञेने ते काढावे, जतन झालेली ‘.RData’ फाइलही पुसावी, आरस्टुडिओ या आर चालवायच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये बंद करताना वर्कस्पेस जतन करणे ‘नेव्हर’ ठेवावे, आणि आर पुन्हा सुरू करून सरासरी एकदा तपासावी.

— संख्याशास्त्राचा एक शिक्षक, फोंडा