खटखट शॉकअपची नव्हे, बॉल जॉइंटची

कराड, १२ जून

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाकडून खटखट येते आणि गॅरेजमध्ये शॉकअप बदलायला सांगितले आहेत, असे परवा फोनवर म्हणालास. मलाही अगदी हेच सांगितले होते. दोन्ही शॉकअप बदलून झाले आणि आवाज होता तिथेच राहिला. दोष निघाला तो बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाला खालच्या दांड्याशी जोडणाऱ्या गोल सांध्याचा. म्हणून पैसे भरण्याआधी हे पत्र नीट वाच.

माझी स्विफ्ट १,२०,००० किलोमीटर चालली आहे. गतिरोधकावरून सावकाश उतरताना आवाज येई, वेगात मात्र तो जाणवत नसे. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, टेकवून मी चाक वर आणि खाली धरून हलवले, तर हाताला स्पष्ट प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला. असा प्ले व्हील बेअरिंगचाही असू शकतो, म्हणून हिला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबला की हब (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) आणि नकल (त्याला धरणारा न फिरणारा भाग) एकमेकांना घट्ट धरतात आणि बेअरिंगचा प्ले हाताला लागत नाही. माझा प्ले तसाच राहिला. मग बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर बॉल जॉइंटचे रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटले होते, ग्रीस निघून गेले होते आणि तिथे तांबूस चिखल साचला होता.

या गाडीत बॉल जॉइंट सुटा बदलत नाहीत, लोअर आर्म, म्हणजे तो खालचा दांडाच, पूर्ण घ्यावा लागतो. त्याबरोबर आर्म गाडीला जोडणारे रबरी बुशही नवे मिळतात, हे एका अर्थी बरेच आहे. जॉइंटचा स्टड, म्हणजे त्यातून बाहेर येणारी खुंटी, नकलमध्ये आडव्या बोल्टने आवळलेला असतो आणि तो बोल्ट स्टडच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण काढावाच लागतो. आदल्या रात्री मी गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते. सकाळी नकलच्या फटीत छिन्नी हलकेच ठोकली, आर्म पहारीने खाली दाबला आणि स्टड सुटला. जुना स्टड दोन बोटांनी लोंबकळल्यासारखा फिरत होता. नवा मूठभर धरूनही जेमतेम हलला. तो फरक हातात आल्यावर महिनाभर आपण कशावर गाडी चालवत होतो, ते कळून अंगावर काटा आला.

आता सर्वांत महत्त्वाचे. बुशचे बोल्ट गाडी वर असताना शेवटपर्यंत आवळू नकोस. त्या वेळी आर्म खाली लटकलेला असतो. तिथेच आवळले तर गाडी चाकांवर आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बोल्ट नुसते बसवून गाडी जमिनीवर घे, बोनेट दोन-चार वेळा दाबून सोड आणि मगच मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळ. त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यायलाच हवे.

तू दर आठवड्याला आईंना घेऊन कुंभार्ली घाट चढतोस, म्हणून मला चैन पडत नाही. बॉल जॉइंट पूर्ण निसटला तर चाक बाहेर फेकले जाते आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी ऐकत नाही. गाडी तपासून होईपर्यंत घाटात घालू नकोस. आईंना एसटीने आण. रविवारी घोड्या आणि पाने घेऊन मीच चिपळूणला येतो. आधी चाक हलवून पाहू आणि दोष तोच निघाला, तर डावा व उजवा असे दोन्ही आर्म त्याच दिवशी आणून बसवू.

तुझा,
सुधीर