रविवारी मी येत नाहीये

आई, बाबा,

फोन न करता एवढं टाइप करतेय म्हणजे काहीतरी भानगड आहे हे आईला पहिल्याच ओळीत कळलं असणार. भानगड नाही. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं गाळू नका, तुम्ही गाळता. फोनवर सांगितलं असतं पण तुम्ही दोन मिनिटांत "हे घे, हिच्याशी बोल" म्हणून फोन आईकडे देता आणि आई गप्प बसते, आणि आई गप्प बसली की मी जाणं कॅन्सल करते. म्हणून लिहितेय. पैसे भरलेत, गाडीचं सर्व्हिसिंग झालंय, शुक्रवारी अर्धी रजा टाकलीय.

तर या रविवारी मी जेवायला येत नाहीये. आमच्या फोर बाय फोर गाड्यांच्या ग्रुपबरोबर शनिवार-रविवार कॅम्पिंग आणि कॅनूइंगला जातेय. सहा गाड्या, अकरा माणसं, त्यात चार बायका, एक तर त्रेसष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्या माझ्यापेक्षा बरी गाडी चालवतात, तेव्हा "या वयात हे काय" हे वाक्य बाद. आणि जागा सांगायची राहिली. मुद्दामच राहिली. गणेशगुडीला जातोय. काळी नदीवर.

आई, पुढचं ऐक, आत जाऊ नकोस.

मला माहीत आहे काळीचं नाव काढलं की तू काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात जातेस. जागा मी निवडली नव्हती. आधी तिळारीचं ठरत होतं, मग कुणीतरी गणेशगुडीच्या एका होमस्टेवाल्याला ओळखत होता, तिथे जमलं. मी ग्रुपवर दोन दिवस काही उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी हो म्हटलं. का म्हटलं ते मलाही नीट सांगता येत नाही. सुपा धरण १०१ मीटर उंच आहे हे मला पाठ आहे, शाळेत भूगोलाला गोव्यातली धरणं होती आणि मी आगाऊपणे कर्नाटकातल्या सुप्याचं लिहिलं होतं, बाईंनी लाल शाईने काट मारली होती. तू तेव्हा वही बघून काही बोलली नव्हतीस. पण धरणाच्या ज्या पाण्याखाली आजीचं सुप्याचं घर, अंगण आहे ते पाणी मी अजून एकदाही थांबून पाहिलेलं नाही, दांडेलीला जाताना नेहमी गाडीतूनच. चाळिशी उलटली गो माझी.

आता काळजीचं. आम्ही धरणाच्या वर जात नाही, खालच्या अंगाला जातोय. तिथे वीज तयार करायला पाणी सोडतात तेव्हा नदी चढते आणि जोर येतो, त्या वेळी राफ्टिंगवाले खूश असतात आणि आमच्यासारखे काठावर बसून चहा पितात. पाणी कधी सुटतं ते होमस्टेवाल्याला विचारून, संथ पट्ट्यातच होडी घालायची. तंबू काठापासून बरेच वर. कॅनू म्हणजे लांब उघडी होडी, बाबा, एकाच पात्याचं वल्हं असतं, मागे बसतो तो दिशा धरतो. मला पुढेच बसवणार आहेत, म्हणजे मी फक्त वल्हवायचं, अक्कल मागच्याने वापरायची. उभं राहायचं नाही, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळूनच पाण्यात, आणि उलटलीच तर होडी सोडायची नाही, धरून तरंगायचं. हे सगळं मी दोनदा सराव करून आलेय, मांडवीच्या एका शांत फाट्यात, तुम्हाला न सांगता. झालं, सांगितलं आता.

आणि जंगलात तंबू ठोकणार नाहीये. तो सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूचा, तिथे तसं चालतही नाही. होमस्टेवाल्याच्या सुपारीच्या बागेच्या कडेला झोपायचं, पक्कं बाथरूम आहे, गरम पाणी आहे, रात्री भाकरी आणि गरम आमटी. थंडी असते तिकडे म्हणून बाबांची ती करडी कानटोपी मी गेल्या महिन्यातच ढापलीय, शोधू नका.

बाबा, तुम्ही माझ्या जिम्नीला खेळणं म्हणता ना, ते खेळणं सगळ्यात हलकं असल्यामुळे चिखलातून सगळ्यात आधी निघतं. लो रेंजमध्ये टाकली की उतारावर ब्रेकला पायसुद्धा लावावा लागत नाही, इंजिनच धरून ठेवतं. कच्च्या रस्त्याआधी टायरमधली हवा कमी करायची, परत डांबरी लागला की कॉम्प्रेसरने भरायची. रुतलेली गाडी ओढून काढायचा पट्टा ताणलेला असला की त्याच्या आसपाससुद्धा उभं राहायचं नाही, या एका गोष्टीवर आमचा पुढारी इतका ओरडतो की तुमची आठवण येते. पुढे एक अनुभवी गाडी, मागे एक अनुभवी गाडी, मध्ये आम्ही. वॉकीटॉकी आहेत. मोबाईलची रेंज तिकडे येते-जाते, तेव्हा माझा फोन लागला नाही तर लगेच दादाला शारजाला कळवायचं नाही. तो तिथून घाबरवतो फक्त.

खरं सांगू, दिवाळीनंतर बाबांचं जे झालं तेव्हापासून मी पर्वरी-फोंडा, फोंडा-बांबोळीचं हॉस्पिटल एवढंच चालवतेय. तक्रार नाही ही. मला यायला आवडतं, आईचं खतखतं मला ऑफिसात बसल्या बसल्या आठवतं. पण परवा सिग्नलला उभी असताना लक्षात आलं की हिरवा झालाय आणि मागचे हॉर्न मारतायत आणि मी नुसती बसलेय. त्या रात्री पैसे भरले. तुमच्यामुळे नाही हं. कामाचंच जास्त. असो.

बाबा, तुम्ही मला दुर्भाटच्या फेरीबोटीत घेऊन जायचात ते आठवतं? पलीकडे रासईला काही काम नसायचं. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही म्हणून नुसतं जायचं आणि त्याच बोटीने परत यायचं, दोनदा, कधी तीनदा. मी कठड्याला धरलेलं आणि तुमची मूठ माझ्या फ्रॉकच्या पाठीला. फ्रॉक त्या जागी कायम चुरगळलेला असायचा आणि आई विचारायची. मी कधी सांगितलं नाही. त्या बोटीच्या डिझेलचा वास आला की मला अजून भूक लागते, कारण परतताना तुम्ही भजी घ्यायचात.

आता सूचना. वाद नको.

शनिवार-रविवारच्या गोळ्या डबीत भरून ठेवल्यात, सकाळची पांढरी आणि रात्रीची गुलाबी, "आज बरं वाटतंय" म्हणून बाबांनी गुलाबी सोडायची नाही. रक्ताची तपासणी सोमवारी, मी रजा घेऊन साडेआठला येते, उपाशीपोटी राहायचं, चहासुद्धा नाही, अर्धा कपसुद्धा नाही. पंपाचं बटण शेजारचा मुलगा येऊन लावेल, आईने त्या ओल्या पायरीवर जायचंच नाही. पोदेराला सांगितलंय, पाव दारात अडकवून जाईल, त्याच्यामागे धावू नका. आईची साखर शनिवारी संध्याकाळी बघा आणि आकडा लिहून ठेवा, खरा आकडा. रविवारचं जेवण मी सांगून ठेवलंय त्या बाईंकडे, बारा वाजता डबा येईल, कुळथाचं सांबार आणि भात, आई तू नाक मुरडशील पण एक दिवस दुसऱ्याच्या हातचं खा. बाबांच्या वाटणीचं लोणचं तू बघ.

आणि एक. हे मी शेवटी ठेवलं कारण इथपर्यंत वाचलंत तर पुढचंही वाचाल.

रस्ता अनमोड घाटाने रामनगरवरून जातो. मी मामाला फोन केला होता. रागावू नकोस. मीच केला, त्याने नाही. तुमचं कागदांचं काय झालं ते मी विचारलं नाही, त्याने काढलं नाही. चहाला अर्धा तास थांबणार आहे, बाकीच्या गाड्या पुढे नाश्त्याला थांबतील. तो आता ऐकायला कमी येतं म्हणतो, मला प्रत्येक गोष्ट तीनदा सांगावी लागली. त्याने सांगितलं, सुप्याच्या घराचा उंबरठा त्याने निघायच्या आदल्या दिवशी काढून आणला होता, तो रामनगरच्या घराला बसवलाय, गुडघे दुखतात तरी ओलांडूनच जातो म्हणाला, त्याच्यावर पाय देत नाही. देवापुढच्या पाटावर पाय पडला की तू ज्या स्वरात बोलतेस ना, तसाच स्वर होता.

फोटो काढू का ते सांग. नको म्हणालीस तर नाही काढणार, आणि काढला तरी तू मागितल्याशिवाय दाखवणार नाही.

आम्ही फोंड्यावरून पहाटे पावणेसहाला जाऊ. घरी येणार नाही असं ठरवलं होतं, कारण आले तर तू घावन घालणार आणि मग जाऊ देणार नाहीस. पण कुर्टीला पाच मिनिटं थांबते, हायवेच्या कडेला, पेट्रोल पंपासमोर. मामाकडे काही द्यायचं असलं तर बाबांबरोबर पाठव. कोकमाची सोलं तरी. त्याच्याकडे असतील पण तुझी वेगळी.

बाबा, स्वेटर घालून या. स्कूटर नको, रिक्षाने. आई, तू येऊ नकोस, थंडी असते आणि गुडघा. आलीसच तर रिक्षातून उतरू नकोस, मीच येते खिडकीपाशी.

तुमची,
बाय